विष्णूच्या घराकडची बाजू

बाबांचा पाय गेला तेव्हा आम्ही डिचोलीकडे, खाणीच्या वाटेवरच्या एका पत्र्याच्या खोपीत राहत होतो. बाबा मूळचे सावंतवाडीकडचे. गोवा मुक्त झाला, खाणींवर माणसं घेतात असं कानावर आलं, तेव्हा एक ट्रंक आणि आईला घेऊन ते इकडे आले आणि ट्रक भरायच्या कामाला लागले. एके सकाळी मातीचा ढीग सरकला आणि डाव्या गुडघ्याखालचा पाय त्यात सापडला. इस्पितळातून परतले ते कुबडीवर. बसून करण्यासारखं काम इथे काही नाही, असं मुकादमाने सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. खाणीवर कोणीच बसत नसे.

आईची एक मावशी पेडणे तालुक्यात होती, धारगळपासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या एका गावात. शेताच्या कडेला तिचं एक घर रिकामं होतं. रिकामं होतं, कारण पावसात मागच्या खोलीत पाणी यायचं. ते घर तिने आम्हाला राहायला दिलं आणि पाण्याचं आधीच सांगून ठेवलं, हा तिचा चांगुलपणा. आई काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जाऊ लागली. काजूच्या चिकाने तिचे हात कोळशासारखे काळे झाले आणि बोटांची सालं निघू लागली. गरम कप ती पदराने धरायची. मला बरीच वर्षं वाटत होतं की सगळ्या आया कप पदरानेच धरतात. सकाळी पेज, दुपारी त्याच पेजेतला भात, तोंडी लावायला चेपणीचं तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेली कैरी. सुका बांगडा चुलीत भाजला गेला तर तो सण. संध्याकाळी पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत पाव घेऊन यायचा आणि आमच्या दारावरून वेग कमी न करता पुढे जायचा. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. पाववाल्याला घरं कळतात.

त्या घराला सोपो होता, म्हणजे दाराबाहेर भिंतीला लागून बांधलेला कट्टा. त्याच्यासमोर तीस पावलांवर शेत सुरू व्हायचं. पावसाळ्यात तिथे भात. भात कापून झालं, गुरं फिरून गेली, उरलेले खुंट पायांनी मोडले, की त्याच शेताचं फिल्ड व्हायचं. दोन्ही टोकांना सुपारीचे खांब उभे राहायचे आणि पुढचे सहा महिने गाव तिथे फुटबॉल खेळायचा. बाबांना फुटबॉल आवडत होता असं मी म्हणणार नाही. तो समोर होता. कुबडीवर त्यांना अंगणाच्या कडेपर्यंत जाता यायचं. त्यापुढे बांध, चर आणि चिखल. माणसाच्या समोर दिवसभर जे असतं, त्याचं त्याला काहीतरी करावंच लागतं. दोन वर्षांत बाबांना आजूबाजूच्या सात गावांचे खेळाडू, त्यांचे बाप आणि त्या खेळाडूंचे चांगले-वाईट पाय माहीत झाले.

आमचं घर शेताच्या पूर्वेला. मॅच साडेचारला सुरू व्हायची, आणि तेव्हापासून सूर्य सरळ आमच्या सोप्यावर. सगळा गाव पलीकडे, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, बाजूच्या बांधावर, भेंडी-जांभळीच्या सावलीत, उन्हाकडे पाठ करून बसायचा. आमच्या बाजूला एकटे बाबा, कपाळावर पंचा ओढून, डोळे बारीक करून. सुरुवातीला त्यांना अर्धा खेळ दिसायचाच नाही. मग ते ऐकायला शिकले. लांबवर पाय फिरलेला दिसतो आणि चेंडूचा आवाज किंचित मागून येतो. त्या आवाजावरून चेंडू कोणी मारला ते ते सांगायचे, "हो बाबलो. डावो पाय." मी आत अभ्यास करत असायची. दुसऱ्या घरांतून ‘दूध उतू जाता’ असं सांगतात, तसं ते बाहेरून सांगायचे, "बाय, कॉर्नर." व्याकरणाबरोबर मी ऑफसाइडही त्याच वर्षांत शिकले. आजही टीव्हीवर मॅच असली की माझा मुलगा बघत बसतो, आणि आता काय होणार ते मी स्वयंपाकघरातून सांगते. तो चिडतो. चिडू दे.

पुढे मी बसने म्हापशाला कॉलेजात जाऊ लागले आणि मराठी घेऊन बी.ए. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. हे सांगताना माझा आवाज चढतो असं माझी सून म्हणते. चढतो. बाबा अंगठा उठवायचे, आणि आईचा अंगठा चिकामुळे धड उठतही नसे. त्या घरातून मी तीन वर्षं इस्त्री नसलेल्या पण स्वच्छ कपड्यांत कॉलेजला गेले आणि एकदाही नापास झाले नाही. निकाल लागला त्या दिवशी आईने नारळाच्या रसातलं मणगणं, म्हणजे चणाडाळीची खीर, केलं आणि रस्त्यात उभं राहून पोदेराला थांबवलं. तोवर आमच्या दारात थांबायची सवय त्याला झाली होती, पण त्या दिवशी तिने मुद्दाम हात करून थांबवलं.

गावातली मी दुसरी पदवीधर बाई. पहिली लग्न होऊन मांद्र्याला गेली होती, म्हणून तिला कोणी मोजत नसे. गावाने ठरवून टाकलं की मला सगळं वाचता येतं: औषधाच्या बाटल्या, मोटारीचे कागद, पंचांग, इंग्रजी, नकाशे. माझा विषय मराठी होता हे मी सांगून बघितलं. "बी.ए. ती बी.ए.," असं उत्तर आलं.

त्याच हिवाळ्यात आमच्या फिल्डाचं स्टेडियम व्हायचं ठरलं. जमीन देवस्थानची होती, देवस्थानने दिली. आमच्याकडे नवं काही सुरू करायचं तर आधी गाऱ्हाणं. नारळ ठेवून गावकर देवाजवळ एकेक मागणं मोठ्याने मागतो, थोडा थांबतो, आणि जमलेल्यांनी त्या थांब्यात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मजकूर देवाने ऐकायचा असतो. आपण फक्त थांबा ऐकायचा. आमच्या गावचं गाऱ्हाणं आबा गावकर घालायचे. त्यांचं वय झालं होतं, पण देवाशी बोलताना आवाज चाळिशीतला. ‘व्हय म्हाराजा’ची पहिली हाक मात्र बाबांची. गावात आम्ही बाहेरचे. तो मान बाबांना त्यांच्या आवाजाने मिळवून दिला होता. त्यांना सोयीचं पडावं म्हणून त्या दिवशी नारळही आमच्याच बाजूला, सोप्यासमोर ठेवला होता.

आबांचं गाऱ्हाणं संपलं. नारळ फुटला. लगेच, आबा जिथे उभे होते त्याच जागी, बांधकाम खात्याचे साहेब उभे राहिले. घाटावरून बदली होऊन आलेला तरुण इंजिनिअर, सरळ माणूस. कागद दोन्ही हातांत वर धरून ते योजना वाचू लागले. वाऱ्याने कागद फडफडत होता, म्हणून प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे आणि कागद सारखा करायचे.

"मैदानाच्या पूर्व बाजूस पाचशे प्रेक्षकांसाठी पायऱ्यांचा स्टँड बांधण्यात येईल," त्यांनी वाचलं, आणि थांबले.

"व्हय म्हाराजा," बाबा म्हणाले. त्यांच्यामागून दोनशे माणसं.

साहेबांनी वर बघितलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मैदानाभोवती आठ फूट उंचीची भिंत घालण्यात येईल. व्हय म्हाराजा. बांधावरची अडचणीची झाडं काढण्यात येतील. व्हय म्हाराजा. हे मीही म्हटलं, बी.ए. होऊन. यात चेष्टा नव्हती, हे मला आजच्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवं. चौथ्या वाक्याला मागे थोडं हसू फुटलं, पण तोवर तोंडाला लय लागली होती, आणि गाऱ्हाणं मध्येच सोडणं बरं नव्हे. इतका पाठिंबा साहेबांना दुसऱ्या कुठल्या गावात मिळाला नसावा. ग्रामस्थांनी प्रत्येक कलमास एकमुखाने संमती दिली, असं त्यांनी तिथेच लिहून घेतलं, सरपंचांनी सही केली, आणि सगळ्यांनी खोबरं खाल्लं.

दोन आठवड्यांनी नकाशा आला. तो इंग्रजीत होता, म्हणून मला पंचायतीत बोलावणं आलं. टेबलावर नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार माणसांनी हात ठेवले, आणि मी एकेक शब्द अडखळत वाचला. मग गावाची मतं सुरू झाली, जी खरं तर आधी व्हायला हवी होती. उल्हास हा क्लबचा सेक्रेटरी, टेम्पो चालवायचा. त्याला वर छप्पर हवं होतं, मडगावला बघितलं तसं. दुसरे एक म्हणाले, छप्पर घातलं तर खाली बसावं लागेल, आणि बसून मॅच बघितली तर लाइन्समनबरोबर बांधावरून धावत जाऊन त्याला शिव्या कशा घालणार? हा मुद्दा सगळ्यांना पटला. पायऱ्यांना पाठ टेकायला काही हवं की नको, यावर दुपार गेली. पाठ टेकली की माणूस झोपतो, असं एक मत होतं. आपली टीम खेळते तेव्हा झोपलेलं बरं, असं दुसरं. गावातले एक शिक्षक रेफरी असायचे. त्यांनी एवढंच विचारलं की भिंतीला मागच्या बाजूने एक दार ठेवता येईल का, आणि ते आतून उघडणारं असावं. आबांनी पान थुंकायला जागा मागितली. व्हाळात चेंडू गेला तर किती वेळ खेळ थांबवायचा, हाही प्रश्न नकाशाकडेच विचारण्यात आला. पस्तीस वर्षं मी हायस्कूलमध्ये शिकवलं, त्यात कितीतरी बैठकांना बसले, पण इतकी कामाची बैठक पुन्हा बघितली नाही.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. आमच्या फिल्डाला पूर्व-पश्चिम नव्हती. देवळाकडची बाजू, रस्त्याकडची बाजू, व्हाळाकडची बाजू, आणि विष्णूच्या घराकडची बाजू. विष्णू म्हणजे माझे बाबा. कोपऱ्यातला उत्तरेचा बाण बघून मी नकाशा टेबलावर फिरवला, देऊळ देवळाकडे आणलं, तेव्हा मला कळलं की ‘पूर्व बाजू’ म्हणजे आमची. पाचशे माणसांचा स्टँड आमच्या सोप्यापासून तीस पावलांवर, आमच्याकडे पाठ करून. नकाशा टेबलावर तसाच सोडून मी घरी आले.

बाबा सोप्यावर कुळीथ निवडत होते. मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"उंच किती?"

"दोन पुरुष तरी."

त्यांनी फिल्डाकडे बघितलं. मॅच नव्हती, एक रेडा आडवा चालला होता. मग म्हणाले, "बांधूंदेत. पाचशे माणसां बसतली. मी एकटो."

आई आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आत गेली. त्या संध्याकाळी पिठी-भात होता. बाबा जेवताना सहसा बोलत नसत. अर्धं जेवण झाल्यावर ते अचानक म्हणाले, "पण त्या पाचशांक दिसतला काय? हे बाजूक माझ्याशिवाय कोण बसलो आसा? तेंका म्हायत नाय, बाय. माका म्हायत आसा."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. स्टँडमध्ये बसलेली सगळी तोंडं सूर्याकडे असणार होती. साहेब फिल्ड बघायला आले ते सकाळी दहाला. आमच्या बाजूला उभं राहिल्यावर ऊन त्यांच्या पाठीवर होतं आणि समोर हिरवा व्हाळ. सकाळी दहाला आमची बाजू खरंच छान दिसते.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासला गाठलं. मुद्दा त्याला पटला, पण तो हरकत घ्यायला तयार होईना. शेजारच्या गावाने आपलं शेत द्यायची तयारी आधीच कळवली होती.

"शालन, आता काय बोललंस तर फाइल शेजारच्या गावाक जातली," तो म्हणाला. "मगे तुझो बापूस आनी आमी, सगळे मेळून भात बघीत बसतलंव. आनी ह्या तू गावासाठी करतंस की विष्णूभावासाठी?"

गावासाठी, असं मी म्हटलं. ते खोटं होतं. ऊन पाचशे जणांच्या डोळ्यांत जाणार हे खरं होतं, पण स्टँड दुसऱ्या कुणाच्या दारासमोर आला असता तर मी दिशा बघायला नकाशा फिरवलाही नसता. उल्हास वाईट माणूस नव्हता. स्टँड झाला तर आम्ही चौघे दर आयतवारी, रविवारच्या मॅचला, विष्णूभावाला उचलून वर नेऊन बसवू, असं तो घरी येऊन सांगून गेला. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पालखी देवाची काढतत, रे. माझी नको." त्यानंतर उल्हास आमच्याशी बोलेनासा झाला. मी काय करणार ते त्याला दिसत होतं.

मी अर्ज लिहिला. चार वेळा लिहिला. तीन मसुद्यांत ‘माझे वडील’ हे शब्द आले म्हणून फाडले. मग एका सोमवारी बसने पणजीला गेले. सरकारी कचेरीत मी तोवर फक्त दाखल्यासाठी गेले होते, आणि तेव्हा आई बरोबर होती. या वेळी एकटी. साहेबांनी ओळखलं, बसायला सांगितलं, अर्ज वाचला आणि वही काढली.

"तुमच्या गावाने तर प्रत्येक वाक्याला होकार दिला आहे," ते म्हणाले. "इतका स्पष्ट होकार मी कुठे ऐकला नाही."

मी त्यांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगितलं. थांबा म्हणजे काय तेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

"म्हणजे ते होकार नव्हते?"

"होकारच होते, साहेब. पण तुम्हाला नव्हते."

त्यांनी वही मिटली. मग पुन्हा उघडून तेच पान बघितलं. सरपंचांची सही तिथेच होती. व्हाळाकडची जमीन ओली आहे, पाया खोल घ्यावा लागेल, नकाशा वर मंजुरीला गेला आहे, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "येत्या आयतवारी मॅच आहे. साडेचारला या. जिथे स्टँड होणार तिथे तुमची खुर्ची मांडते. चहा आमच्याकडे." त्यांनी ‘बघू’ म्हटलं. सरकारी माणसाचं ‘बघू’ काय असतं ते मला ठाऊक होतं, म्हणून आईला मी काही सांगितलं नाही.

ते आले. स्कूटरवरून, नकाशाची गुंडाळी काखेत. आईने घाईने पातळभाजी टाकली, मी पाव आणायला धावले. खुर्ची बाबांच्या शेजारी, अंगणाच्या टोकाला ठेवली. मॅच शेजारच्या त्याच गावाबरोबर होती, ज्याला आमचं स्टेडियम हवं होतं, त्यामुळे पलीकडचा बांध गच्च भरलेला. पाच वाजेपर्यंत साहेब कपाळावर हात धरून बसले होते. मग हात बदलला. मग नकाशाची गुंडाळी कपाळावर धरली. मॅचभर नकाशाचा तेवढाच उपयोग झाला. समोर काळ्या आकृत्या इकडून तिकडे जात होत्या. त्यांतला आपला कोण आणि परका कोण, हे मलाही सांगता आलं नसतं. बाबा पंच्याखालून शांतपणे सांगत होते: आता थ्रो, आता त्यांचा उंच पोरगा, आता आमच्या बाबल्याने काढून घेतला. मग एकदम पलीकडचा सगळा बांध उठून उभा राहिला आणि आरडाओरडा झाला.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"गोल," बाबा म्हणाले. "आमका पडलो."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला दिसला?"

"नाय. माका सवय आसा." बाबांनी पंचा थोडा वर केला. "पाचशांक सवय कोण लायतलो?"

साहेबांनी गुंडाळी पुन्हा कपाळावर धरली. मॅच आम्ही हरलो. पलीकडून माणसं घरी जायला निघाली. उल्हासने आमच्या अंगणात स्कूटर बघितली आणि तो सरळ इकडे आला, चेहरा हरलेला आणि वर रागावलेला. आईने त्याच्याही हातात कप दिला, त्यामुळे त्याला उभं राहावं लागलं. साहेबांनी पातळभाजी-पाव खाल्ला, हात धुतले, सोप्यावर नकाशा उलगडला आणि खिशातून पेन्सिल काढून पूर्वेच्या स्टँडवर फुली मारली. पलीकडे, व्हाळाकडे, नवा चौकोन काढला. पाया खोल घेऊ, म्हणाले. बदल मी लिहून पाठवतो, गावाचा नवा ठराव द्या, या वेळी हात वर करून. फाइल कुठेही जाणार नाही.

माझा जीव भांड्यात पडला. मी पेला उचलायला वाकले, तेव्हा ते नकाशाकडेच बघत म्हणाले, "पण भिंत आहे. आठ फूट, चारही बाजूंनी. स्टँड हलवला तरी इथून तुम्हाला काही दिसणार नाही."

चार मसुदे लिहिले, पणजीला गेले, उन्हाची दिशा शिकवून आले, आणि भिंत माझ्या ध्यानातच आली नव्हती. बाबांच्या आली होती, हे त्यांच्या तोंडाकडे बघून मला तेव्हा कळलं. पहिल्या दिवसापासून त्यांना ती ठाऊक होती आणि ते बोलले नव्हते. उन्हाचं त्यांनी पाचशे लोकांसाठी सांगितलं होतं.

साहेबांनी विचारलं, "भिंतही नको आहे ना तुम्हाला?"

या भिंतीविरुद्ध माझ्याकडे ऊन नव्हतं, वारा नव्हता, गावाचं हित नव्हतं. उल्हास समोर उभा होता. मी म्हटलं, "नको. स्टँडचं मी गावाचं म्हणून सांगितलं. हे मात्र आमच्यासाठी. बाबांना इथून पुढे जाता येत नाही, आणि त्यांना दुसरं काही नाही."

बाबा म्हणाले, "बाय, पुरे."

साहेब पेन्सिल बोटांत फिरवत राहिले. इकडून उघडं ठेवलं तर लोक फुकट मॅच बघतील, तिकिटं कोण घेणार, असं ते म्हणाले. ते नियमाला धरून होतं. उल्हासने कप तोंडाला लावला होता. तो त्याने खाली घेतला.

"हे बाजूक फुकट बघणारो एकच आसा, साहेब," तो म्हणाला. "बारा वर्सां बघता. तेच्याकडे तिकीट मागूची क्लबाची तयारी नाय. जाळी घाला."

आणि चहा संपवून, माझ्याशी एक शब्दही न बोलता, तो टेम्पोकडे गेला. आमच्याशी बोलायला त्याला आणखी वर्ष लागलं.

गावाने हे सगळं गोड मानून घेतलं असं नाही. स्टँडसाठी भेंडी आणि जांभळी गेल्या, आणि ती सावली माझ्यामुळे गेली असं अजून दोन-तीन म्हातारे मला दारात थांबवून सांगतात. झाडं पहिल्या नकाशातही जाणारच होती. ते मी त्यांना दर वेळी सांगते, आणि ते दर वेळी मान हलवतात. नव्या पायऱ्यांवर पहिली दोन वर्षं कोणी बसलं नाही. सगळे खाली रेषेवर उभे राहून लाइन्समनबरोबर धावायचे. आता तेच स्टेडियम पाडून नवं करायचं म्हणतात: दिवे, कृत्रिम गवत, रंगीत खुर्च्या. क्लबाच्या मुलांनी मला फोनवर चित्र पाठवलं आणि ‘मॅडम, तुमचं मत सांगा’ म्हणून लिहिलं. मी चित्र मोठं करून बघितलं. बाण कुठे आहे ते विचारलं. त्यांनी अजून कळवलेलं नाही.

त्या मॅचच्या पुढच्या हंगामात काम पुरं झालं. स्टँड व्हाळाकडच्या बाजूला झाला, उन्हाकडे पाठ करून. मागच्या कोपऱ्यात रेफरीसाठी एक दार झालं, आतून उघडणारं. तीन बाजूंना आठ फुटांची भिंत झाली. चौथ्या बाजूला, आमच्या घरासमोर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तारेच्या जाळीचं कुंपण झालं, आणि बाबांनी नंतरची एकोणीस वर्षं सोप्यावर बसून त्यातून प्रत्येक मॅच बघितली.